मामांना नारळ द्यायचा की मानधन?

पत्र असं आलं आहे :

बाई, सा. न. वि. वि.

मी कोल्हापुरातल्या एका फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी. क्लब पेठेतला, तालमीच्या जिवावर चालणारा. नाव छापू नका. आम्ही मुळात खालच्या गटात, आणि यंदा तिथंही तळाला. 11 सामने झाले : 1 जिंकलो, 3 बरोबरीत, 7 हरलो. गुण 6. शेवटचे दोन संघ आणखी खाली जातात आणि आम्ही शेवटून दुसरे. आमच्या वरच्या संघाचे 8 गुण. 4 सामने उरलेत. निकालांच्या वहीचा फोटो जोडलाय.

प्रशिक्षक नऊ वर्षं एकच. सगळी पेठ त्यांना मामा म्हणते. नोकरी एमआयडीसीत, फौंड्रीत. दुसरी पाळी असली की त्या आठवड्यात सरावाला येत नाहीत, पोरं आपापली खेळतात. गोलकीपरचा खांदा तिसऱ्या मॅचला निखळला, त्याच्या जागी बारावीचा पोरगा उभा केला. स्पॉन्सरनी मध्ये बाहेरचे दोन खेळाडू आणले, तेही चालले नाहीत. आता स्पॉन्सर म्हणतात मामा बदला, नाहीतर पुढच्या वर्षी किट विसरा. ग्रुपवर 'मामा हटाव' चाललंय. एका मॅचला हाफटाइमला मामांनी एका पोराला सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली, तो परत मैदानावर आला नाही. मामांचं दोन महिन्यांचं मानधन थकलंय, ते एक वेगळंच. पर्याय म्हणून पेठेतलाच 28 वर्षांचा, प्रशिक्षकाचं डी लायसन्स केलेला पोरगा आहे. खजिनदार म्हणतात, मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनला पण वेळ दिला होता. रविवारी मीटिंग आहे. मी स्वतः मामांच्या हाताखाली खेळलोय, बुटाची नाडी कशी बांधायची ते त्यांनी शिकवलं. काय करू?

ता. क. मामा हे सदर वाचतात. तेवढं सांभाळा.

*

सेक्रेटरीसाहेब,

माझ्याकडे येणारी पत्रं बहुधा सासूची, सुनेची नाहीतर सातबाऱ्याची असतात. फुटबॉल क्लबचं पत्र पहिलंच. पण तीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवली आणि त्यातली बारा वर्षं एका क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीत काढली, तेव्हा हरणाऱ्या संघाच्या मीटिंगमध्ये चहा कसा लागतो ते मला माहीत आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही 'ते एक वेगळंच' म्हणून बाजूला सारलंय. त्याकडे येते. आधी वही बघू.

वही तुम्ही छान ठेवलीय. कोणता गोल कितव्या मिनिटाला झाला तेही लाल पेनानं लिहिलंय, तुमच्या हाताखालची माणसं नशीबवान. 11 सामन्यांत तुम्ही 7 गोल केले आणि 17 खाल्ले. आकडा वाईट दिसतो. पण त्या 17 मधले 8 गोल दोनच सामन्यांतले आहेत, 0-4 आणि 1-4. हे दोन सामने कोणते? समासात तुम्हीच लिहिलंय : 'नवीन दोघे खेळवले'. म्हणजे स्पॉन्सरसाहेबांची भेट मैदानात उतरली ते दोन सामने. ती भेट बाकावर गेल्यावर पुन्हा एकेका गोलाचे निकाल सुरू झाले. उरलेले पाचही पराभव एका गोलाचे, आणि त्यातल्या तीन सामन्यांत निर्णायक गोल शेवटच्या दहा मिनिटांत बसलाय.

एका गोलानं पाच वेळा हरणारा संघ आणि चार गोलांनी पाच वेळा हरणारा संघ तक्त्यावर शेजारी दिसतात, पण ते एकसारखे नसतात. पहिल्याला काहीतरी थोडं कमी पडतंय. तुमच्या बाबतीत काय कमी पडतंय ते मिनिटांवरून कळतं : पाय. सत्तर-ऐंशी मिनिटं टिकायचं आणि मग गुडघ्यात जीव उरायचा नाही. बेंचवरून ताजी पोरं आणायची, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या बेंचवरचे निम्मे बारावीच्या परीक्षेला बसलेले. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सराव म्हणजे दोन गोलपोस्ट आणि आरडाओरडा. यात मामांचा दोष आहे का? आहे, थोडा. त्या आठवड्यात सराव कोण घेणार हे त्यांनी ठरवायला हवं होतं. पण नऊ वर्षं त्यांच्या पाळीचं वेळापत्रक कार्यकारिणीलाही पाठ आहे, आणि या नऊ वर्षांत तुम्ही एक सहायक नेमला नाहीत.

आता बदलाबद्दल. प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो असं वाटतं खरं, आणि ते डोळ्यांना दिसतंही. नेदरलँड्समधल्या बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञानं 1986 ते 2004 या काळातल्या तिथल्या अव्वल लीगचा हिशेब मांडला होता. ओळीनं हरणाऱ्या क्लबनं मॅनेजरला, म्हणजे तिकडच्या प्रशिक्षकाला, काढलं की पुढच्या काही सामन्यांत निकाल सुधारत होते. पण तशीच घसरगुंडी झालेल्या आणि तरीही मॅनेजर न बदललेल्या क्लबांचे निकालही सुधारत होतेच, तितकेच. आपल्याकडे सर्दीबद्दल म्हणतात ना, औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, नाही घेतलं तर आठवड्यात. कोणीही मॅनेजरला काढतं ते नशीब अगदी तळाला गेल्यावर. त्यानंतर नशीब सहसा वरच येतं, आणि नवीन माणूस म्हणतो, बघा, मी आलो.

फुटबॉलमध्ये हे जास्त होतं, कारण गोलच मुळात कमी. कबड्डीत तीस-चाळीस गुणांच्या खेळात एखादी पकड सुटली तर भरून निघते. इथं एक चेंडू खांबाला लागून आत गेला की तुम्ही हुशार, बाहेर आला की मामा हटाव.

खजिनदारांना सांगा, फर्ग्युसनचं नाव जरा बाजूला ठेवा. ते 1986 च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आले आणि 1990 मध्ये एफए कप मिळेपर्यंत त्यांच्या हाती तिथं मोठं काही लागलं नव्हतं, हे खरं. पण वेळ देऊनही ज्यांचं काही झालं नाही असे मॅनेजर ढिगानं आहेत. त्यांची नावं मीटिंगमध्ये कोणी घेत नाही कारण ती कोणाला आठवतच नाहीत. शिवाय तो क्लब केवढा, त्याचा पैसा केवढा. तुम्हाला उदाहरण हवंच असेल तर तुमच्या मापाचं देते. आमच्या घरात माझा भाचा हे खालच्या लीगचं वेड घेऊन बसलाय, त्याच्या नादानं मलाही लागलं.

2014 चा 3 मे. इंग्लंडची लीग टू, म्हणजे वरून चौथी पायरी. तिच्याखाली गेलं की फुटबॉल लीगच्या बाहेर. हंगामाचा शेवटचा दिवस. ब्रिस्टल रोव्हर्सचे 50 गुण, वायकम वाँडरर्सचे 47. वायकमनं मॅनेजर बदलला नव्हता. गॅरेथ एन्सवर्थ, आधी तिथलाच खेळाडू, 2012 पासून संघ सांभाळत होता आणि संघ बुडत चाललेला. रोव्हर्सनं मात्र पाचेक आठवडे आधी जॉन वॉर्ड यांना बाजूला करून त्यांच्याच हाताखालच्या डॅरेल क्लार्कला गादीवर बसवलं होतं. त्या दुपारी वायकमनं टॉर्कीच्या मैदानावर जाऊन 3-0 असा सामना मारला. तिकडे रोव्हर्स घरच्या मैदानावर मॅन्सफिल्डकडून एका गोलानं हरले. दोघांचे 50-50 गुण झाले आणि गोलफरकावर रोव्हर्स खाली गेले. 94 वर्षं फुटबॉल लीगमध्ये असलेला क्लब.

इथं थांबलं तर गोष्ट सोपी : ठेवला तो वाचला, बदलला तो बुडाला. म्हणून पुढचं ऐका. रोव्हर्सनं खाली गेल्यावर क्लार्कला काढलं नाही. 2015 मध्ये वेम्बलीवर पेनल्टी शूटआउटमध्ये ग्रिम्सबीला हरवून ते परत आले. 2016 मध्ये शेवटच्या दिवशी इंज्युरी टाइममध्ये गोल करून आणखी एक पायरी वर चढले, आणि तेव्हा वरती नेलं ते गोलफरकानंच. एन्सवर्थनं वायकमला 2018 मध्ये तिसऱ्या पायरीवर नेलं आणि 2020 मध्ये क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या पायरीवर. म्हणजे एकानं शेवटच्या टप्प्यात माणूस बदलला, एकानं बदलला नाही, आणि दोघंही पुढं वर आले. दोघांनी सारखं केलं ते एवढंच, की माणूस ठरवल्यावर त्याला त्याचं काम करू दिलं.

(त्याच टॉर्कीनं 2007 मध्ये लेरॉय रोझेनियर यांना मॅनेजर म्हणून पत्रकारांसमोर बसवलं आणि दहा मिनिटांत काढलं, कारण तेवढ्यात क्लबच विकला गेला होता. तुमची रविवारची मीटिंग यापेक्षा लांब चालेल अशी आशा आहे.)

आणि खाली जाण्याची एवढी धास्ती कशाला? इंग्लंडमध्ये खाली गेलं की टीव्हीचा पैसा आटतो, नोकरी करणारी माणसं घरी बसतात. तुमच्याकडे काय आटणार? पेठ तीच, पोरं तीच, शाहू स्टेडियमच्या गॅलरीतल्या शिव्याही त्याच. कमीपणा वाटेल, शेजारच्या तालमीतले वर्षभर टोमणे मारतील. त्याला उपाय नाही, पण त्यानं कोणी मेलेलंही नाही.

आता त्या 'वेगळंच' वाक्याकडे.

मामा तुमचे प्रशिक्षक आहेत असं तुम्ही म्हणता. प्रशिक्षक म्हणजे जो संघ निवडतो. दोन बाहेरचे खेळाडू कोणी निवडले? स्पॉन्सरनी. त्यांना मैदानात उतरवायचं कोणी ठरवलं? पत्रात 'खेळवले' असं लिहिलंय, कोणी ते लिहिलेलं नाही, आणि मला शंका आहे की 'उतरवा जरा, साहेब आलेत गॅलरीत' असं म्हणणाऱ्यांत तुम्हीही होता. प्रशिक्षक म्हणजे ज्याला त्या कामाचा मोबदला मिळतो. तो दोन महिने मिळालेला नाही. प्रशिक्षक म्हणजे ज्याच्या हाताखाली एखादा सहायक, निदान बर्फाची पिशवी घेऊन धावणारा कोणीतरी असतो. तोही नाही. मग रविवारी तुम्ही नक्की कोणत्या पदावरून माणूस काढणार आहात? ते पद आधी द्या तरी. नोकरी न देताच नारळ द्यायचा, हे नवीनच ऐकलं.

स्पॉन्सरबद्दल एवढंच. ज्यानं यंदा खेळाडू आणले तो पुढच्या वर्षी प्रशिक्षक आणेल आणि त्याच्या पुढच्या वर्षी सेक्रेटरी. किट म्हणजे वीस-बावीस जर्सी. पेठेत गणपतीची वर्गणी ज्या वहीवर गोळा होते ती वही घेऊन चार संध्याकाळी फिरलात तर जमतील. त्यांना दुखवा असं म्हणत नाही. भेटा, चहा प्या, सांगा की पैसे तुमचे, आभार तुमचे, जर्सीवर नाव तुमचं, पण अकरा जणांची यादी मामांची. ऐकणारा असेल तर राहील.

तेव्हा गुणांच्या तक्त्यावरून मामांना काढू नका, हे माझं मत. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे जिच्यासाठी मी त्यांना उद्याच काढेन, आणि ती तक्त्यात नाही. तो पोरगा.

मैदानावर शिव्या असतात, मी काही परीकथेत वाढलेले नाही. 'डोळे फुटले काय रं तुझं' हे प्रेमाचंही असतं, आणि पोरांना त्यातला फरक नेमका कळतो. आईवरून, हाफटाइमला, सगळ्यांसमोर, हे त्यातलं नव्हे. मूल खेळ सोडतं ते हरल्यामुळे सोडत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांनी अशाच एखाद्या वाक्यानंतर सोडला. घरी विचारलं तर म्हणतात, अभ्यास आहे. तुमचा पोरगाही तेच सांगत असणार.

म्हणून रविवारच्या आधी दोन कामं करा, आणि दोन्ही स्वतः.

पहिलं, पोरांशी बोला. ग्रुपवर नको, कट्ट्यावर घोळक्यातही नको, कॅप्टनच्या तोंडून तर नकोच. एकेकाला गाठा, सरावानंतर, गाडीवर मागं बसवून घरी सोडताना. 'मामा पाहिजेत का नको' असं विचारू नका, त्याला पोरं तुमचा चेहरा बघून उत्तर देतील. विचारा, 'पुढच्या वर्षी मामाच असले तर खेळणार ना?' आणि मग गप्प बसा. उत्तरापेक्षा उत्तराला लागलेला वेळ ऐका. लेस्टरनं 2016 च्या मे महिन्यात इंग्लंडची लीग जिंकली आणि 2017 च्या फेब्रुवारीत मॅनेजर रानिएरींना काढलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी कृतघ्न म्हणून बोटं मोडली. पण त्यानंतर त्या संघानं लीगचे पाच सामने ओळीनं जिंकले. तो नशिबाचा झोका होता की खेळाडूंचं मन त्या माणसावरून उतरलं होतं, हे बाहेरून कोणालाच सांगता येणार नाही. आतल्यांना सांगता येतं. तुम्ही आतले आहात. तीन-चार पोरांनी वेगवेगळं गाठल्यावर खाली मान घालून एकच गोष्ट सांगितली, तर रविवारी काढा. 6 गुण असोत की 26.

दुसरं, मामांना घेऊन त्या पोराच्या घरी जा. मामांनी त्याच्यासमोर आणि त्याच्या आईसमोर 'चुकलं माझं' म्हणायचं. भाषण नको, कारणं नकोत, पाळी आणि झोप आणि फौंड्रीचा धूर काढायचा नाही. तुम्ही त्यांना हे सांगाल तेव्हा ते काय करतात ते बघा. चप्पल घातली आणि निघाले, तर त्यांच्यासोबत पुढचे चार सामने काढायला हरकत नाही. 'आता पोरासोरांची माफी मागायची व्हय?' असं म्हणून चहा मागवला, तर तुमचा निर्णय त्यांनीच करून दिला.

समजा निघाले. मग रविवारी ठरावाच्या वहीत चार ओळी लिहून घ्या. हंगाम संपेपर्यंत मामाच. संघनिवड फक्त त्यांची. डी लायसन्सवाला पोरगा आजपासून सहायक, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सराव त्याचा, आणि त्याचा भर पळण्यावर, निदान महिनाभर. हंगामानंतर पंधरा दिवसांत पुढच्या वर्षाची मीटिंग. सह्या. त्या पोराला आत्ता चार सामन्यांसाठी मुख्य करू नका. उकळत्या तेलात सोडल्यासारखं होईल. हरला तर त्याचं नाव खराब, जिंकला तर स्पॉन्सर म्हणणार बघा मी म्हटलं नव्हतं. क्लार्कही आधी सहायकच होता, त्याला पोरांची नावं, दुखणी, घरं माहीत होती. तुमच्या पोराला मामांच्या शेजारी वर्षभर उभं राहू द्या. मामांना जे येतं ते लायसन्सच्या वर्गात शिकवत नाहीत, आणि लायसन्सवाल्याला जे येतं ते मामांना या वयात कोणी सांगणार नाही. कुरबुरी होतील. त्या सोडवायला सेक्रेटरी असतो.

उरलेल्या चार सामन्यांकडे बघितलं तर अगदीच अंधार नाही. गोलकीपरचा खांदा बरा होत आलाय असं वहीच्या कोपऱ्यात लिहिलंय. बारावीचा शेवटचा पेपर झाला की तीन पोरं मोकळी होतात. वरच्या संघाशी फरक दोन गुणांचा, म्हणजे एका विजयाहून कमी. मी पैज लावत नाही, पण वायकमपेक्षा तुमची अवस्था बरी आहे.

आणि समजा काढायचंच ठरलं, तर कसं काढायचं तेही सांगते, कारण त्यात मी एकदा नापास झालेय.

आमच्या मंडळात मुलींच्या खो-खो संघाला एक सर होते. संघ दोन वर्षं काही जिंकला नव्हता. शनिवारी रात्री मीटिंग झाली, त्यांना बदलायचं ठरलं, नवीन बाईंना सोमवारी बोलावलं. सरांना कोण सांगणार? अध्यक्षांना वाटलं मी सांगेन, कारण मी सहचिटणीस. मला वाटलं अध्यक्ष सांगतील, कारण ते अध्यक्ष. सोमवारी साडेपाचला सर नेहमीसारखे सायकलवर आले. कॅरिअरला फक्कीची पिशवी. गळ्यात शिट्टी. मैदानाच्या रेघा मारायला लागले. अर्ध्या रेघा झाल्या असतील तेवढ्यात नवीन बाई स्कूटरवर आल्या. मुली जमिनीकडे बघायला लागल्या, कारण त्यांना घरून कळलं होतं. सरांनी एकदा त्या बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग राहिलेली रेघ पुरी केली, हात झटकले, शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बाई, काल सांगितलं असतं तर फक्कीचे पैसे तरी वाचले असते माझे." फक्की ते पदरच्या पैशानं आणत होते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं त्या नवीन बाईंनी एक स्पर्धा जिंकूनही दिली. मला ती आठवत नाही. ती अर्धी रेघ आठवते.

तेव्हा काढायचं असेल तर मीटिंग संपल्या संपल्या तुम्ही मामांच्या घरी जायचं. तुम्ही, कारण नाडी तुम्हाला त्यांनी शिकवली. ग्रुपवर एक अक्षर पडायच्या आत. सोबत फार तर खजिनदार, घोळका नको. कारण एका वाक्यात, आणि खरं. 'क्लबला नवीन विचार हवेत' असलं काही बोलू नका, मामा नऊ वर्षं त्या कार्यकारिणीत बसलेत, तिथं विचार किती असतात ते त्यांना ठाऊक आहे. शाल-श्रीफळाचा सत्कार तर लगेच करूच नका. नारळ देऊन वर आणखी नारळ द्यायचा, हा आपल्याकडचा एक क्रूर विनोद आहे. सत्कार करायचा तर पुढच्या वर्षी, सामन्याच्या दिवशी, गॅलरी भरलेली असताना.

इंग्लंडचा मॅनेजर भरपाई घेतो आणि दुसऱ्या गावाला जातो. आपल्या फुटबॉल महासंघानंही 2024 च्या जूनमध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना 2026 पर्यंतचा करार असताना काढलं आणि शेवटी सुमारे 4 लाख डॉलर मोजून ते मिटवलं. मामांकडे करार नाही, ते दाद मागायला फिफाकडेही जाणार नाहीत. ते सकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर तुमच्या पुढं पेला घेऊन उभे असतील. गणपतीत भेटतील, लग्नात पंगतीला समोर बसतील, कोणाच्या मयतीला तुमच्याच शेजारी चालतील. तिथं तुम्हाला त्यांच्याकडे बघता आलं पाहिजे, आणि त्यांना तुमच्याकडे.

राहता राहिलं तुमचं ता. क. नाव मी छापलेलं नाही, पेठ छापलेली नाही. पण नऊ वर्षं, फौंड्री, दुसरी पाळी आणि दोन महिने थकलेलं मानधन एवढं वाचल्यावर मामांना कळायला कितीसा वेळ लागणार? अंक शनिवारी सकाळी पेठेत येतो. म्हणून हे उत्तर मी तुम्हाला बुधवारीच वेगळं पाठवतेय. शुक्रवारी रात्रीपर्यंत दोन्ही महिन्यांचं पाकीट त्यांच्या घरी पोचलेलं असू द्या. ठेवायचं असो वा काढायचं असो, ते पैसे झालेल्या कामाचे आहेत. खजिनदार कुरकुरले तर त्यांना म्हणावं, फर्ग्युसनला पगार मिळत होता.

तुमची,
बाई